पावलाची समजूत

परवा शिक्षकखोलीत शिपाईमामांनी स्टुलावर चढून पंख्याची पाती ओल्या फडक्यानं पुसली आणि बटण दाबलं. थंडीभर गप्प असलेला पंखा आधी कुरकुरला, मग हळूहळू सुरात आला. टेबलावरच्या उत्तरपत्रिका फडफडल्या, ज्यानं त्यानं हाताला येईल ते त्यांच्यावर ठेवलं. "लागला उन्हाळा," गणिताचे सर म्हणाले. मी कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल त्या वाऱ्यात धरलं. वारा पावलाच्या बाहेरच्या कडेवरून गेला, करंगळीवरून गेला. गार लागला.

गार लागला, एवढंच. पण हे एवढंच मला अजून नीटसं पेलत नाही.

नायगावात फाल्गुन आल्याचं दोन गोष्टी सांगतात. एक हे पंखे आणि दुसरा हळदीचा वास. शिवारात हळद निघालेली असते. मोठाल्या लोखंडी टाक्यांमध्ये ती वाफेवर शिजवतात आणि त्या वाफेला ओल्या मातीचा, कच्च्या आल्याचा आणि कुठंतरी आत किंचित गोड असा वास असतो. आमच्या शेतातली वाफ वारा असेल तशी घरापर्यंत येते. ज्या उन्हाळ्याची मी गोष्ट सांगतेय, त्या उन्हाळ्यात हा वास मी पलंगावर पडून घेतला. बाहेर माणसं हळदीनं पिवळी होऊन राहिली होती आणि मी आत खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामात भिजत पडले होते. कारण पंख्याचा वारा माझ्या पायाला भाजत होता.

भाजत होता, हे मी लिहिते आणि थांबते. वारा कसा भाजेल? तेव्हाही लोकांना हेच वाटायचं.

त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोयाबीन घेऊन लातूरला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे यजमान, व्यंकटराव. शेती ते बघतात, मी शाळेत मराठी शिकवते. सुट्टी असली की मी हट्टानं त्यांच्याबरोबर टेम्पोत बसते, कारण मला लातूरचा मोंढा, तिथला धान्याचा बाजार, फार आवडतो. डाळमिलच्या बाजूनं येणारी ती पिवळसर धूळ, पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या हाका, चहाच्या गाड्यावरचं आलं. त्या दिवशी पोती उतरवून झाली होती. मी टेम्पोतच उभी राहून गंमत बघत होते. "थांब, हात देतो," व्यंकटराव खालून म्हणाले. मला वाटलं, एवढ्याशा उंचीला हात कशाला. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून मी उडी मारली. सगळा भार उजव्या टाचेवर आला, आणि खाली सिमेंट होतं.

टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. लातुरातच ऑपरेशन झालं. पावलाच्या बाहेरच्या बाजूनं चिरून डॉक्टरांनी ते तुकडे एकत्र आणले, पट्टी बसवली, स्क्रू घातले. हात चांगला होता त्यांचा. संक्रांतीनंतरच्या फोटोत हाड असं जुळलेलं दिसत होतं की व्यंकटरावांनी तो फोटो खिडकीच्या उजेडाला धरून पुन्हा पुन्हा पाहिला. "येल्डिंग केल्यासारखं झालंय," ते म्हणाले. जखमही सुकली. टाक्यांच्या जागी एक गुलाबी रेघ उरली.

आणि मग, सगळं बरं झाल्यावर, ते दुसरं दुखणं जागं झालं.

मोडल्याचं दुखणं मला ठाऊक होतं. ते जड असतं, ठणकतं, पाय उशीवर ठेवला की थोडं शहाण्यासारखं वागतं. हे दुखणं निराळंच होतं. त्या गुलाबी रेघेच्या खालपासून करंगळीपर्यंत पावलाची कड कायम पेटलेली असायची. तिच्यावर चादर पडली की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. माशी बसली तर मी किंचाळायची. आंघोळीचं पाणी अंगावर घेताना तो पाय मोरीच्या बाहेर काढून ठेवायची. मोज्याचा तर विचारही नको. गंमत म्हणजे, जोरात दाबलं तर त्यापेक्षा कमी दुखायचं. जीव जायचा तो हलक्या स्पर्शानं. कापसानं, ओढणीच्या पदरानं, वाऱ्यानं. जगातल्या सगळ्या मऊ गोष्टी माझ्या वाईटावर उठल्या होत्या.

चादर पायाला लागू नये म्हणून व्यंकटरावांनी कोंबड्या झाकायचं डालगं स्वच्छ धुऊन आणलं. रोज निजताना मी पायावर ते डालगं पालथं घालायची आणि त्यावरून चादर ओढून घ्यायची. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या.

"पाय हाय का कोंबडी?" त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. त्या काळात हसू आल्याचं आठवतं ते बहुधा तेवढंच.

बघायला येणारे लोक पायाकडे बघायचे. पाय दिसायला चांगला. सूज नाही, लाली नाही, जखम नाही. मग ते माझ्या तोंडाकडे बघायचे. "मनावर घेऊ नका, बाई," शाळेतल्या एक बाई म्हणाल्या. "मोकळ्या हवेत फिरा थोडं." एका पाहुण्यानं सांगितलं की त्याच्या ओळखीत एकीला असंच झालं होतं आणि ते सगळं डोक्यातलं निघालं. त्यांचा राग येण्याआधी मला त्यांचं पटायला लागलं होतं. जे दिसत नाही, फोटोत येत नाही, हाताला लागत नाही, ते दुखणं आहे तरी का, असं मलाच वाटायचं. मी चोरून डालगं बाजूला करायची, बोट पुढं न्यायची, आणि टेकवण्याआधीच डोळ्यांत पाणी यायचं.

लातूरच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, पाय पाहिला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "बाई, हाडाचं काम झालेलं आहे," ते म्हणाले. "पण ज्या वाटेनं मी आत गेलो, त्या वाटेवर एक बारीक नस असते. कितीही जपलं तरी ती कधी कधी दुखावते. तुमची ती नस बिघडलीये. ते दुखणं खरंय. पण ते काम माझं नाही. नांदेडला फक्त दुखण्याचंच बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा."

फक्त दुखण्याचंच बघणारे डॉक्टर असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नांदेडचे ते डॉक्टर उतारवयाचे, बारीक आवाजाचे होते. त्यांनी फोटोंचा लिफाफा उघडलाच नाही. "काय केलं की जास्त दुखतं?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले. चादर, माशी, पाणी, वारा. ते एकेक लिहून घेत होते. फक्त वाऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि उठून त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. मी तिथं रडले. व्यंकटराव घाबरले, त्यांना वाटलं दुखलं. दुखलं नव्हतं. कुणीतरी माझ्या पायासाठी पंखा बंद केला होता.

रडू आवरल्यावर मी त्यांना जे कित्येक दिवस मनात घोळत होतं ते बोलून टाकलं. "डॉक्टर, हा पाय घोट्यापासून काढून टाका. मी कुबडी घेऊन शिकवीन."

व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे. डॉक्टर मात्र चमकले नाहीत. हे त्यांनी आधी ऐकलेलं असावं.

"काढता येईल," ते शांतपणे म्हणाले. "पण दुखणं पायाबरोबर जाईलच असं नाही. कंधारकडचे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांचा पाय गुडघ्याखाली काढलेला आहे. अजून त्यांच्या अंगठ्याला मुंग्या येतात. जो अंगठा नाही, त्याला." मग त्यांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. "तुमच्या शेतात राखणीला कुत्रं आहे?"

"हाव," व्यंकटराव म्हणाले.

"कुत्रं एकदा जबर भेदरलं की मग मालकाच्या चाहुलीलाही भुंकतं. भुंकतं ते खोटं नसतं, त्याला खरंच भीती वाटत असते. तुमच्या नसेचं तसं झालंय. चोर कधीच गेला. आता त्या कुत्र्याला मारून चालणार नाही. त्याला हळूहळू ओळख पटवून द्यायची."

मग त्यांनी माझ्या घोट्यावर थंड जेली लावली. दाबून लावली, हलक्या हातानं नाही. एक यंत्र टेकवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर राखाडी ढगांसारखं काहीतरी हलत होतं. "ही बघा," ते म्हणाले. त्या राखाडीत एक छोटीशी गोल जागा होती आणि तिच्या आत बारीक बारीक काळी घरं. मधाच्या पोळ्याचा नखाएवढा तुकडा कुणी आत ठेवून दिला असावा तशी. ती माझी नस. एका जागी ती फुगलेली होती.

मी त्या पडद्याकडे बघत राहिले. एवढीशी वस्तू. मेथीच्या काडीपेक्षा बारीक. जन्मापासून हिनं मला धुळीचा ऊबदारपणा सांगितला, नदीतल्या वाळूचं सरकणं सांगितलं, पहाटे अंगणात पडलेलं दव सांगितलं. मी एकदाही तिची चौकशी केली नव्हती. ती आहे हेच माहीत नव्हतं. आणि आता ती तिच्या अंधारात एकटी, न थांबता ओरडत होती. त्या क्षणी मला माझ्या दुखण्याची भीती कमी आणि त्याचं नवल जास्त वाटलं. कुणाच्या देवघरात चुकून शिरावं आणि पाय तिथंच थबकावेत, तसं झालं.

डॉक्टरांनी त्या नसेच्या शेजारी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पावलाची कड बधीर झाली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सगळं शांत झालं. पिठाची गिरणी बंद झाल्यावर कान कसे रिकामे होतात, तसा माझा पाय रिकामा झाला. नांदेडहून परतताना बसमध्ये मी खिडकी उघडी ठेवली. वारा आत येत होता आणि मी त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघत होते. अंधार पडायच्या आत ते औषध उतरलं, आग परत आली. पण आता एक गोष्ट कळली होती. शांतता असते. ती माझ्या पायात अजून कुठंतरी होती.

गोळ्याही होत्या. त्यांनी तोंडाला कोरड पडायची आणि डोक्यात धुकं दाटायचं. मी काठी टेकत शाळेत जायला लागले होते. एकदा नववीच्या वर्गात वडाच्या झाडाचं वर्णन शिकवताना फांद्यांतून खाली येणाऱ्या त्या मुळांना काय म्हणतात, ते मला आठवेना. हातानं मी ती मुळं हवेत दाखवत उभी. "पारंब्या, बाई," मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली. मराठीच्या शिक्षिकेचे शब्द जायला लागले, हे त्या दुखण्याचं सर्वांत मोठं भय होतं. घरी येऊन मी व्यंकटरावांना म्हणाले, "पाय ऱ्हाऊ द्या, माझं डोकंच चाललंय." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि सांगितलं की आता औषधापेक्षा दुसऱ्या कामाची वेळ आलीये.

ते दुसरं काम फरहाना मॅडमचं होतं. नांदेडलाच, त्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या फिजिओथेरपी करायच्या. वय तिशीचं, बोलणं मोकळं, मराठीत उर्दूची मिसळ. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पायाला हात लावला नाही.

"बाई, आज पायाला सुट्टी," त्या म्हणाल्या. "आज फक्त बघायचं."

त्यांनी मला खाटेवर पाय लांब करून बसवलं आणि दोन्ही पायांच्या मध्ये एक आरसा उभा केला. उजवा पाय आरशाच्या मागे गेला, दिसेनासा झाला. आरशात माझ्या चांगल्या डाव्या पायाचं प्रतिबिंब पडलं, आणि ते नेमकं जिथं उजवा पाय असायला हवा तिथं दिसायला लागलं. समोर बघितलं तर दोन पाय. दोन्ही चांगले.

"आता डाव्या पायावर मी कापूस फिरवते. तुम्ही नजर आरशातून काढायची नाही. घबराव नका, तुमच्या दुखऱ्या पायाला कुणी शिवत नाहीये."

त्यांनी कापूस फिरवला. आरशातल्या पायावर कापूस फिरला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं की माझ्या उजव्या पावलाच्या कडेवरून कापूस चालला आहे. माझं अंग आक्रसलं. दात आवळले. आणि काही झालं नाही. कापूस करंगळीपाशी गेला, परत आला. आणि मग, हे कसं लिहू, आरशामागच्या त्या उजव्या पायाला, ज्याला कुणी हात लावलेला नव्हता, काहीतरी मऊ लागलं. अगदी पुसट. पण मऊ. आग नव्हे.

मी फरहाना मॅडमकडे पाहिलं. "लागलं," मी म्हणाले. "त्याच पायाला लागलं."

"हां," त्या हसून म्हणाल्या. "डोळ्यानं सांगितलं, मेंदूनं ऐकलं. रोज सांगायचं आता."

घरी लोखंडी कपाटाच्या दारावरचा आरसा व्यंकटरावांनी उतरवला. तो जड होता, आपोआप उभा राहायचा नाही. त्यामुळं तो धरायचं काम आत्याबाईंकडे आलं. रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी ओसरीत बसायचो. मी पाय पसरून, त्या माझ्या पायांमध्ये आरसा धरून. पहिले काही दिवस त्या नुसत्या धरून बसल्या. मग एकदा म्हणाल्या, "आरशात बघून पाय बरा व्हतंय, हे मी कुणाला सांगितलं तर लोक मलाच दवाखान्यात नेतील."

"मग नका सांगू."

"न्हाई सांगत. पन तू बघत ऱ्हा. तुझं तोंड बदलतंय ना, ते मला हितून दिसून राहिलंय."

त्या माझ्या पायाकडे बघतच नव्हत्या. आरसा धरून त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, रोज. पाय खरा की खोटा, दुखणं मनातलं की नसेतलं, असा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. पुढं एकदा मीच विचारलं, तुम्हाला कधी वाटलं का की मी नाटक करते. त्या म्हणाल्या, "नाटक करनारं मानूस डालग्यात पाय घालून निजत न्हाई, बाई. त्याला निजायला सोपं पाहिजे असतंय."

आरशानंतर खरा पाय. फरहाना मॅडमनी क्रम सांगितला होता. आधी रेशीम, मग कापूस, मग धुतलेलं सुती लुगडं, मग टॉवेल. जे सोसेल ते थोडा वेळ आणि सोसत असतानाच थांबायचं, दुखेपर्यंत ताणायचं नाही. मला हे सर्वांत अवघड गेलं. आपल्याकडे सोसायचं शिकवतात, सोसण्याआधी थांबायचं कुणी शिकवत नाही. एक दिवस बरं वाटलं म्हणून मी टॉवेल खसाखसा घासला आणि पुढचे कितीतरी दिवस परत रेशमावर आले. फरहाना मॅडम रागावल्या नाहीत. "पायाला वाटलं, तुम्ही बी चोराच्या पार्टीत," एवढंच म्हणाल्या.

मग धान्य आलं. घमेल्यात धान्य घालायचं आणि पाय हळूहळू त्यात बुडवायचा. आमच्या घरात त्या दिवसांत धान्याला काय तोटा. पहिली तुरीची डाळ, गुळगुळीत. तिच्यात पाऊल गेलं तेव्हा आधी हजार सुया, आणि मग सुया एकेक करून मावळत गेल्या. दाणे दाण्यांसारखे वाटायला लागले. नंतर करडई, नंतर हरभरा. चैत्र संपत आला तोवर हळद शिजून, वाळून, अंगणात पसरली होती. व्यंकटरावांनी हळकुंडांचं घमेलं भरून माझ्यापुढं ठेवलं. "आता हे," ते म्हणाले. मी पाय घातला. कडक, खडबडीत, उन्हानं तापलेली हळकुंडं. दुखलं, पण घाबरण्यासारखं नाही. पाय बाहेर काढला तेव्हा तो पिवळा झाला होता, आणि त्या पिवळ्यावर ऑपरेशनची गुलाबी रेघ लग्नातल्या शालूच्या काठासारखी दिसत होती. आम्ही दोघं तो पाय बघत बसलो. व्यंकटरावांनी तोवर माझ्या त्या पायाला हात लावला नव्हता, महिनोन् महिने. आताही लावला नाही. नुसते म्हणाले, "चांगला दिसून राहिलाय."

त्या दिवसांत मी एक नवाच छंद धरला होता. शाळेत, घरात, बसमध्ये मी लोकांची पावलं बघायची. रस्त्यावरचा डांबराचा चटका ओलांडून पळणारी पोरं, अनवाणी हळद तुडवणाऱ्या बाया, बसच्या पायरीवर टाच टेकून उतरणारे म्हातारे. कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. पायांखाली एवढं सगळं सांगणारं काहीतरी चालू आहे आणि कुणी ऐकत नाही. ऐकावं लागत नाही, हेच त्याचं मोठेपण. सगळं ठीक असताना शरीर किती अदबीनं गप्प बसतं.

वैशाखात एक दिवस मी प्रथमच चप्पल न घालता शेतातल्या वाळवणापर्यंत गेले. माती कोमट होती. अर्ध्या वाटेत उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला काहीतरी खचकन रुतलं. मी जागीच उभी राहिले. आग पसरायची वाट बघत. जुनी सवय होती ती. एक कळ आली, टोकदार, एका जागची. मी वाकून पाहिलं. सराटा होता, तीन टोकांचा, वाळलेला. उपटून काढला. रक्ताचा ठिपका आला. कळ एकदम ओसरली, आणि संपली.

संपली. दुखणं सुरू होऊन संपलं होतं. त्याला कारण होतं, जागा होती, शेवट होता. मी बांधावर बसून त्या सराट्याकडे बघत राहिले. व्यंकटराव लांबून हाक मारत होते, काय झालं म्हणून. मी हात वर करून सराटा दाखवला. त्यांना वाटलं, मी रडतेय. मी हसत होते आणि रडत होते. काटा रुतल्याचा आनंद एखाद्याला समजावून सांगायचा कसा? माझ्या पायाला पुन्हा खऱ्या गोष्टी कळायला लागल्या होत्या. काटा काट्यासारखा लागला, हे मला त्या उन्हाळ्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटलं.

पूर्ण बरा झाला का पाय? नाही. करंगळीच्या मुळाशी एक जागा अजून अर्धी बधीर, अर्धी चिडकी आहे. थंडीत ती कुरकुरते. नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की थोडं राहील, आणि राहिलेल्याशी तुमचं जमेल. जमलं. मी पूर्ण दिवस उभी राहून शिकवते. शब्द परत आले.

त्याच वर्षी ज्येष्ठात आमच्या मोठ्या दिरांच्या मुलाचं, गजाननचं लग्न झालं. नवरी देगलूरकडची, श्रावणी. वरात घरी आली, माप ओलांडलं, आणि नव्या जोडप्याला थोरामोठ्यांच्या पाया पडायला आणलं. मी आत्याबाईंच्या शेजारी खुर्चीत बसले होते. दुखणं सुरू झाल्यापासून मी कुणालाच पाया पडू दिलं नव्हतं. दहावीची मुलं परीक्षेला जाताना आली तेव्हाही मी टेबलामागून हात जोडून घेतले होते. कापूस मी स्वतः लावायची, धान्यात पाय मी स्वतः बुडवायची. दुसऱ्या कुणाच्या हाताचं अजून धाडस नव्हतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. गजानन माझ्यापुढं आला आणि दोन हात लांब थांबून त्यानं नमस्कार केला.

नवरीला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ती सरळ पुढं आली आणि वाकली. "अगं, ऱ्हाऊ दे," असं व्यंकटराव म्हणेपर्यंत तिचे हात पोचले. मी पाय मागं घ्यायला हवा होता. घेतला नाही.

तिची बोटं माझ्या दोन्ही पावलांवर टेकली. उजव्या पावलाच्या कडेवर, त्या रेघेवर, करंगळीपाशी. गार होती. टोकांशी थोडी खरखरीत, घरातल्या कामाची बोटं. बांगड्यांची काचेची कड घोट्याला लागली. अनोळखी पोरीचा हात होता, अंदाज नसलेला, आणि माझ्या पायानं तो बोटाबोटानं ओळखला. पहिलं बोट, मधलं, करंगळी. तिच्या कपाळावरची अक्षत निसटून माझ्या पावलावर पडली, तीसुद्धा समजली. आजूबाजूला सगळे माझ्या पायाकडे बघत होते. आत्याबाईंनी माझा दंड धरला होता.

ते बघणं तिला जाणवलं असावं. तिनं वाकूनच वर पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून तिचा चेहरा उतरला.

"काकू, लागलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई गं," मी म्हणाले. "कळलं."